बांधावरचे अकरा लाख

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आकड्यांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालायचा नाही! सांख्यिकी कचेरीत अठरा वर्षं शेतीच्या उत्पन्नाचे फॉर्म भरतोय आणि अजून माझा एकही फॉर्म परत आलेला नाही. शेतकरी म्हणाला, "असतील पाच-सहा कोंबड्या," तर आमची बाकीची मंडळी साडेपाच लिहून मोकळी होतात. मी खुराड्यात डोकं घालून मोजतो. दोनदा टोचूनही घेतलंय. म्हणून तर कचेरीत मला 'दशांश' म्हणतात. चेष्टेनं म्हणतात, पण दुसऱ्या कुणाला म्हणत नाहीत ना!

आता आमच्या खात्यातलं एक उघड गुपित सांगतो. शेतकरी आपलं खरं उत्पन्न कधीही सांगत नाही. फॉर्म घेतलेला माणूस दारात दिसला, की उभ्या पिकाला कीड लागते, म्हैस आटते आणि बायको अंथरूण धरते. त्यात त्या बिचाऱ्याची चूक नाही म्हणा. आपल्याला कुणी पगार विचारला, तर आपण तरी कुठे खरा सांगतो? पण आमच्या कचेरीनं यावर उपाय काढलाय. आमचे तपासनीस हाती आलेला प्रत्येक आकडा सव्वापट करतात. का, तर "लपवलेलं वर यायला नको का?" त्यांचं नावच 'सव्वापट' पडलंय. हे सव्वापट कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात आणि घरीही समोरच्याच दारात राहतात, त्यामुळे त्यांच्यापासून मला सुटका अशी नाहीच.

या वर्षी मी मनाशी ठरवलं, की असलं मोघम काम पुरे झालं. माणसाला बोलतं करायचं आणि अगदी खराखुरा आकडा काढायचा. खात्याच्या इतिहासातलं सगळ्यात अचूक सर्वेक्षण! 

तेवढ्यात यादी आली. टोमॅटोच्या पट्ट्यात शेतं हजारो. त्यातली फक्त आठ शेतं कॉम्प्युटर निवडतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. त्या आठांची सरासरी तीच सगळ्या पट्ट्याची. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आणि आठ शितांपैकी दोन शितं माझ्या सासुरवाडीची निघाली! एक माझे सासरे आणि दुसरे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. 

नियम काय म्हणतो? नातेवाईक निघाला तर वरिष्ठांना सांगून ते शेत दुसऱ्या सर्वेक्षकाला द्यायचं. मी सांगितलं नाही. म्हटलं, सासऱ्यांच्या पोटातला आकडा जावयाला काढता येणार नाही, तर काय त्या सव्वापटांना येणार?

"अहो, नका जाऊ," ही म्हणाली. "आमच्याकडच्या लोकांना खरं बोलण्याचं वावडं नाही, पण सवय नाही."

"अगं, मला अठरा वर्षांचा अनुभव आहे!"

"आणि मला जन्मापासूनचा आहे."

बायकोचं ऐकलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण मग काय, लिहायला विषयही मिळाला नसता.

आमच्या सासुरवाडीची थोडी ओळख करून देतो. माझ्या सासऱ्यांना सगळे 'धाकटे' म्हणतात आणि त्यांच्या भावाला 'थोरले'. दोघांची शेतं एकमेकांना लागून, मधे फक्त बांध. दोघांचाही टोमॅटो. आणि नऊ वर्षं दोघांत अबोला! कारण विचाराल तर एक शिडी. थोरल्यांनी धाकट्यांची शिडी नेली आणि परत दिली तेव्हा तिची एक पायरी कमी होती. थोरले म्हणतात, नेली तेव्हाच कमी होती. नऊ वर्षं तपास चालू आहे.

या सगळ्यात शहाणं माणूस एकच, माझ्या सासूबाई. त्यांना या भांडणात रस नाही. त्यांना हवंय शीतगृह. भाव पडला की टोमॅटो ठेवायला जागा नसते आणि दोन दिवसांत माल पाणी सोडतो. गेल्या हंगामात दीडशे क्रेट रस्त्याच्या कडेला चरात ओतावे लागले. ओतताना सासूबाई तिथं उभ्या होत्या. ही सांगत होती, आई रडली नाही, फक्त घरी येऊन परत एक अर्ज लिहिला. सात वर्षं त्या अर्ज करताहेत. गावातल्या बायकांची समिती केलीय, स्वतः चिटणीस झाल्यात आणि त्यांची ती जाडजूड फाइल त्या कुणाच्या हातात देत नाहीत. म्हणजे बघा, ज्या बाईचं मला भलं व्हायला हवं होतं, तिच्याच मुळावर मी उठलो!

तर मी सकाळी आधी थोरल्यांकडे गेलो. सासूबाई समितीच्या बैठकीला गेलेल्या, त्यामुळे गावात शहाणं माणूस शिल्लक नव्हतं. थोरल्यांनी नियमाप्रमाणे रडगाणं गायलं. मी गोड बोलत राहिलो. माहिती गुप्त राहते, कुणाला कळत नाही, हे पाचदा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, लिहा तीन लाख. आणि हे बांधापलीकडे कळता कामा नये."

मी खूश! लोक अर्धं सांगतात, हा माणूस पूर्ण सांगतोय! तीन लाख लिहून मी बांध ओलांडून सासऱ्यांकडे आलो.

"जावईबापू, काय सांगू तुम्हाला? नुकसानच नुकसान," धाकट्यांनी सुरुवात केली. मग चहाचा कप माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "त्याच्याकडे जाऊन आलात?"

"हो."

"किती सांगितलं त्यानं?"

"ते गुप्त असतं. सांगता येत नाही."

"नका सांगू!" सासरे खुर्ची पुढे ओढून माझ्या नाकासमोर बसले. "मी आपला आकडे म्हणतो. तुम्ही चहा प्या. दीड? ... दोन? ... अडीच? ... तीन?"

मंडळी, मी एक शब्द बोललो नाही. पण 'तीन' म्हटल्याबरोबर चहा माझ्या नाकातून बाहेर आला.

"तीन!" सासरे उडालेच. "तीन सांगतो तो? त्याचा टोमॅटो विकत घ्यायला कुत्रं आलं नाही यंदा! लिहा, माझे साडेतीन!"

"पण आत्ता तर तुम्ही नुकसान..."

"ते घरगुती बोलणं होतं. हे सरकारी आहे. लिहा!"

आमचा नियम स्पष्ट आहे. माहिती देणारा सांगेल ते लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. मी लिहिलं. सही घेतली. बाहेर पडलो तर बांधावर थोरले उभे. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "जास्त सांगितलं ना त्यानं?"

"मी काही बोललोय का?"

"तुमचं तोंड बोलतंय की! मला सुधारणा करायची आहे."

आणि फॉर्मबरोबर 'सुधारित माहिती' असा एक वेगळा कागद असतो हो! माणसाला मागाहून काही आठवलं, तर त्यासाठी. त्या कागदानं माझा घात केला. थोरल्यांना आठवलं, की घरी खाल्लेल्या मालाची किंमत उत्पन्नात धरायची राहिली.

"किती खाता टोमॅटो?"

"महिन्याला दीडशे किलो."

"घरात माणसं दोन!"

"आवडतो आम्हाला."

लिहिलं! थोरले चार लाखांवर गेले. तिकडे धाकटे दारात तयारच होते. त्यांना कोंबड्या आठवल्या. कोंबड्या मी मोजल्या, नऊ भरल्या. सासरे म्हणाले, "चरायला गेल्यात बाकीच्या, शंभर आहेत." पुन्हा इकडे थोरल्यांना बांधावरचं लाकूड आठवलं. तिकडे धाकट्यांना तेच लाकूड आठवलं. बांध एक, झाड एक, विकलं मात्र दोघांनी! मी बांध ओलांडून ओलांडून थकलो. बांधावरचं गवत निजलं. पाच लाख, सहा, साडेसात... लिलावात निदान हातोडा तरी पडतो हो! इथे मी तोंड लपवावं म्हणून फॉर्म नाकासमोर धरला, तर थोरले म्हणाले, "तोंड लपवताय म्हणजे नऊच्या वर गेला तो."

अखेर धाकट्यांचे झाले अकरा लाख आणि थोरल्यांचे अकरा लाख दहा हजार. तिथं थांबलं, ते काही कुणाला समाधान वाटलं म्हणून नाही. माझ्याकडचे सुधारणेचे कागद संपले!

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तुला खोटं दिसत नव्हतं? दिसत होतं हो. पण सही होती, तारीख होती, प्रत्येक रकाना भरलेला होता. असा देखणा फॉर्म माझ्या हातून त्याआधी झाला नव्हता. मला मोह आवरला नाही!

कचेरीत सव्वापटांनी फॉर्म बघितला आणि भुवया उंचावल्या. "अकरा लाख? टोमॅटोत?"

"सही आहे," मी म्हणालो.

"तसं नाही म्हणत मी. जो माणूस उघडपणे अकरा सांगतो, तो लपवत किती असेल?" आणि केले सव्वापट!

बाकीच्या सहा शेतांचं सरासरी उत्पन्न दोन लाख. पण आमचे दोघे बंधू मिळून सगळ्या पट्ट्याला वर ओढून घेऊन गेले. हजारो शेतकऱ्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न निघालं पाच लाख बत्तीस हजार आठशे बारा पूर्णांक पाच. तो पूर्णांक पाच बघून मला भरून आलं. आमच्या मॅडम, म्हणजे कचेरीच्या प्रमुख, एकदम शिस्तीच्या बाई, पण त्यासुद्धा म्हणाल्या, "चांगलं काम दिसतंय." वर्तमानपत्रात मथळा आला, 'टोमॅटोनं केलं मालामाल!' मी तो कापून पाकिटात ठेवला.

तीन महिन्यांनी एका दुपारी जेवायला घरी आलो, तर दारात सासूबाईंच्या चपला. आत गेलो. सासूबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, मांडीवर ती फाइल. ही बाजूला उभी.

"जावईबापू, तुम्ही आकड्यातले आहात ना? हे वाचा," त्या म्हणाल्या.

मी पत्र वाचलं. ज्या भागातलं सरासरी उत्पन्न तीन लाखांच्या आत, त्यालाच शीतगृह मिळणार. आणि खाली ओळ होती, 'सदर भागातील शेतकरी सधन असल्याचे नवीन आकडेवारीवरून दिसून आल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.'

"सात वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "यंदा होणारच होतं, सगळे कागद पुरे झाले होते. कोण मेला हे आकडे घेऊन गेला, तेवढं शोधून द्या मला. मी त्याला काही करणार नाही. फक्त त्या चरापाशी नेऊन उभा करणार आहे."

मी पाणी प्यायलो. मग परत प्यायलो. तिसरा पेला भरायला लागलो, तशी ही म्हणाली, "आई, सापडला."

काय करता? सगळं सांगितलं. तीन लाख, साडेतीन, दीडशे किलो टोमॅटो, शंभर कोंबड्या. सासूबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता फाइलचा बंद बांधला आणि माझ्याकडे बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली, की पाकिटातलं ते कात्रण खिशातून बोचायला लागलं.

"यावर फेरतपासणी असते का?" त्यांनी विचारलं.

"असते. लेखी आक्षेप घेतला, तर आमच्या मॅडम स्वतः येतात. पण दुसऱ्या वेळी सांगितलेलं विश्वास ठेवण्याजोगं वाटलं नाही, तर पहिला आकडाच कायम होतो. आणि मग तो कुणाला हलवता येत नाही."

"कागद आणा. मी सांगते, तुम्ही लिहा."

माझ्याच कामावरचा आक्षेप मी माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिला. 'सदर सर्वेक्षकाने अक्कल गहाण टाकून' हे शब्द मी 'अनवधानाने' करू का म्हणून विचारलं. सासूबाई नाही म्हणाल्या.

फेरतपासणीच्या दिवशी मॅडम आल्या, सव्वापट आले आणि कागद धरायला मी. सासूबाईंनी आदल्या दिवशीच दोन्ही भावांना बजावून ठेवलं होतं, "शीतगृह उत्पन्न कमी असेल तरच मिळणार आहे. जे खरं असेल ते सांगा. खरंच पुरेसं कमी आहे!" किती साधं काम! पण आगीतून निघालो ते फुफाट्यात पडलो. कारण 'कमी' हा शब्द दोघांच्याही कानात बसला आणि 'खरं' हा शब्द वाटेतच राहिला.

अंगणात शिरलो आणि मी सासऱ्यांना ओळखलंच नाही. अंगात बाही फाटलेला सदरा, चार दिवसांची दाढी. अंगणातला ट्रॅक्टर गायब. त्या जागी गवताची एक मोठी गंजी आणि गंजीतून एक आरसा बाहेर आलेला.

"या जावईबापू!" सासरे क्षीण आवाजात म्हणाले.

"जावईबापू?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यांचे जावई?"

"म्हणजे... तसा... हो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला न दाखवता लिहिलं, यावरूनच ते काय असेल ते मला कळलं.

बांधापलीकडून थोरलेही येऊन बसले होते, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भावाकडे पाठ करून. त्यांचा सदरा तर इतका फाटका होता, की तो अंगावर चढवायला चांगला अर्धा तास लागला असावा. मॅडमनी त्यांना आधी विचारलं, "तुमचं गेल्या वर्षीचं उत्पन्न?"

"उत्पन्न कसलं? चार लाखांचा तोटा!"

"माझा साडेचार!" धाकटे ओरडले.

"मला आठवलं, पाच!"

"सहा! आणि कोंबड्या मेल्या!"

"किती होत्या?" सव्वापटांनी पेन सरसावलं.

"शंभर!"

मॅडमनी फाइल खाडकन मिटली. "काही महिन्यांपूर्वी दोघांचे अकरा-अकरा लाख. आज दोघं पाच-सहा लाखांच्या खड्ड्यात. मी यातलं काय खरं मानायचं? माफ करा, पण ही माहिती विश्वास ठेवण्याजोगी नाही. पहिला आकडा कायम."

त्या उठल्या. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या, फाइल छातीशी धरून. त्यांचे डोळे भरून आले होते. सात वर्षांत त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं.

तेवढ्यात त्या उभ्या राहिल्या. डोळे पदराला पुसले आणि म्हणाल्या, "बाई, एक मिनिट थांबा. तुमची विचारण्याची पद्धतच चुकतेय."

"म्हणजे?"

"स्वतःचं उत्पन्न या जगात कोण खरं सांगतो? तुम्ही यांना यांचं विचारूच नका. याला त्याचं विचारा आणि त्याला याचं!"

मॅडम थबकल्या. सव्वापट म्हणाले, "अशी पद्धत नाही आपल्याकडे. फॉर्ममध्ये रकाना नाही." पण मॅडम परत खाली बसल्या. त्यांनी धाकट्यांना विचारलं, "तुमच्या भावाला गेल्या वर्षी किती मिळाले?"

आणि मंडळी, धरणाचं दार उघडलं!

"त्याला? त्याचे मे महिन्यापर्यंत चारशे बारा क्रेट गेले बाजारात. त्यातले एकतीस परत आले, डाग पडला होता. खत घेतलं बारा पोती. अकरा टाकली, एक अजून गोठ्यात आहे. मजूर लावले सहा, पण शेवटच्या आठवड्यात चारच, पैसे नव्हते त्याच्याकडे. दुधाचे अठरा हजार, लाकडाचे शून्य. ते झाड विकलंच नाही, उभं आहे अजून! सगळा खर्च जाऊन दोन लाख चौदा हजार. यात एक आणा इकडचा तिकडे होणार नाही!"

थोरल्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मान वळवून भावाकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"बरोबर आहे का?" मॅडमनी विचारलं.

"पोतं गोठ्यात आहे हे याला कसं कळलं?" एवढंच थोरले म्हणाले.

मग थोरल्यांची पाळी. त्यांनी तर तारखा सांगितल्या! कुठल्या दिवशी धाकट्यांनी फवारणी केली, कुठल्या दिवशी करायला हवी होती, कुठल्या व्यापाऱ्यानं कसं फसवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथं तर कुसळाचं वजनसुद्धा पाठ होतं. मी भराभर लिहीत होतो. अठरा वर्षांत इतकी तंतोतंत माहिती मला कुणी दिली नव्हती. दोन लाख एकतीस हजार!

"आणि ऑगस्टमध्ये यानं पाण्याची मोटर विकली," थोरले जरा थांबून म्हणाले. "घरात डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून. पडत्या किमतीला देत होता."

सासूबाईंचा हात आपसूक डोळ्याकडे गेला.

"तुला कुणी सांगितलं?" धाकट्यांनी विचारलं. नऊ वर्षांनी भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

"जो माणूस घ्यायला आला होता, त्याला पैसे मीच दिले होते. माझ्या गोठ्यात आहे मोटर, झाकून ठेवलीय. म्हटलं, परक्याच्या घरी कशाला जायला हवी?"

धाकट्यांनी फाटक्या बाहीनं नाक पुसलं. मलाही राहवलं नाही, मी तोंड फिरवलं. फक्त सव्वापट हळूच म्हणाले, "मॅडम, हे उत्पन्नात धरायचं का मालमत्तेच्या विक्रीत?"

"तुम्ही गप्प बसा हो!" मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात धाकट्यांना कंठ फुटला, "म्हणजे दादा, मी मागितली त्या किमतीला घेतलीस?"

"हो."

"घासाघीस न करता?"

"हो."

"म्हणजे मी कमी मागितले! तुला ठाऊक होतं मोटर चांगली आहे ते! लुटलंस मला!"

झालं, भांडण परत सुरू! पण या वेळी समोरासमोर आणि एकमेकांच्या खांद्याला धरून. त्यात कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

मॅडमनी फॉर्मवर स्वतःच्या हातानं नवा रकाना आखला, 'माहिती देणारा - शेजारी'. नवी सरासरी निघाली दोन लाख सत्तावन्न हजार एकतीस पूर्णांक पंचवीस. तीही सव्वापटांच्या सव्वापटीसकट! तीन लाखांच्या चांगली आत. शीतगृह मंजूर झालं. माझी एक पगारवाढ रोखली गेली. मला ते मान्य होतं. सासूबाईंना मंजुरीचं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, चला, सुटलो!

कसला सुटतोय! शीतगृहाला गावाचा वाटा भरायचा होता आणि त्यात थोडी रक्कम कमी पडत होती. सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं. "जावईबापू, तुम्हाला काही जमेल का?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आम्हा सर्वेक्षकांना नुकतीच प्रवासभत्त्याची थकलेली रक्कम एकदम मिळाली होती. हिला मी सांगितलं नव्हतं. एक छानशी आरामखुर्ची मनात होती माझ्या. मी खांदे पाडले आणि म्हणालो, "सासूबाई, तुम्हाला तर माहीत आहे, नोकरदार माणूस. महिनाअखेरीला हातातोंडाची गाठ पडत नाही."

"असू दे, असू दे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाहीच विचारत मी." आणि त्यांनी फोन उचलून सव्वापटांना लावला! "अहो तपासनीस, आमच्या जावयांना हल्ली वरचे काही मिळाले का हो?... काय म्हणता? एक्कावन्न हजार सहाशे?"

"खोटं!" मी ओरडलो. "साफ खोटं! त्या माणसाला सवयच आहे वाढवून सांगायची! एक्केचाळीस हजार तीनशे बारा पूर्णांक पन्नास!"

सासूबाईंनी फोन खाली ठेवला. "एवढेच कमी पडत होते," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीला मी काही सांगणार नाही."

आणि त्यांनी शब्द पाळला. हिला त्या एका अक्षरानं बोलल्या नाहीत. उद्घाटनाला आम्ही जोडीनं गेलो. दोघे भाऊ शेजारीशेजारी बसले होते, आत टोमॅटोचे क्रेट ओळीनं लागले होते आणि सासूबाई प्रत्येक क्रेटला हात लावून बघत होत्या. माझा ऊर भरून आला. मी हिला म्हटलं, "बघ, शेवटी माझ्यामुळेच झालं की नाही?"

पण हिचं लक्ष नव्हतं. ही दारावरची देणगीदारांची संगमरवरी पाटी वाचत होती. त्या पाटीवर तिसरं नाव माझं होतं आणि पुढे माझ्या देणगीचा आकडा, पूर्णांक पन्नाससकट.

घरी पोहोचल्यावर हिनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. चपला न काढता सरळ समोरच्या, सव्वापटांच्या दाराची बेल वाजवली आणि म्हणाली, "वहिनी, जरा बसायला आलेय. आमच्या ह्यांचा पगार किती हो?"